मांडवीच्या मुखावरचा जुना दिवा : दोन कार्यालयांना खुले पत्र

प्रति,
महासंचालक, दीपस्तंभ व दीपनौका महासंचालनालय,
आणि
अधीक्षण पुरातत्त्वज्ञ, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, गोवा मंडळ

विषय : आग्वाद किल्ल्यावरील 1864 च्या दीपस्तंभाचा इतिहास निश्चित करणे व त्याचे जतन करणे

महोदय/महोदया,

हे पत्र आपणा दोघांना एकत्र लिहिण्याचे कारण आग्वादच्या वरच्या कोटात उभे राहिले की लगेच कळते. तिथे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर दोन दीपस्तंभ आहेत. 1864 मधला जुना, गोल आणि बुटका मनोरा राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक असलेल्या कोटाच्या आत आहे. नवा दीपस्तंभ 1976 पासून जहाजांना दिशा दाखवतो आणि तो महासंचालनालयाच्या ताब्यात आहे. दिव्याचे काम एका कार्यालयाकडे आणि दिव्याची वास्तू दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी झाली आहे. यात कोणाची चूक आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु जुना मनोरा कशासाठी बांधला गेला, तो कसा चालत असे आणि त्याचा समोरच्या पाण्याशी संबंध काय होता, हे सांगण्याची जबाबदारी या वाटणीत नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतो. आज या मनोऱ्यापाशी येणारे बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून छायाचित्र काढतात आणि निघून जातात. मनोरा ज्या दिशेला पाहत उभा आहे, तिकडे त्यांनीही पाहावे, असे काही करता येईल का, हा या पत्राचा हेतू आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करतो. आग्वादच्या दिव्याला सर्वत्र समुद्रावरचा दीपस्तंभ म्हटले जाते आणि तो अरबी समुद्रावर दिसत असे हे खरेही आहे. तरीही मी त्याला नदीचा दिवा म्हणतो. उत्तरेकडचे आग्वादचे टोक आणि दक्षिणेकडचे काबोचे टोक यांच्यामध्ये जो उपसागर आहे, त्यात मांडवी उतरते. काबोच्या पलीकडे मुरगावच्या उपसागरात झुआरी उतरते. मुरगावला पाणी खोल आहे, तिथे मोठी जहाजे बारमाही लागतात. मांडवीच्या मुखाशी मात्र वाळूचा दांडा साचतो. उन्हाळ्यात त्यावरून भरतीची वेळ साधून होडी, मचवा, पडाव, आगबोट सारे काही जाते. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की समुद्राची मोठी लाट या उथळ भागावर येऊन फुटते आणि मुख बंद होते. पोर्तुगीज या जागेला ‘बार्रा’ म्हणत, आणि गोव्याच्या नौकानयनात ‘आग्वाद बार’ हे नाव आजतागायत टिकून आहे. लोहखनिज वाहणाऱ्या बार्ज पावसाळ्यात मांडवीच्या मुखातून बाहेर न पडता कुंभारजुवेच्या कालव्याने झुआरीत आणि तिथून मुरगावला जात. सुमारे 17 किलोमीटरच्या त्या कालव्याचे महत्त्व या वाळूच्या दांड्यामुळेच होते. दिवा आग्वादच्या टेकडीवर बांधला गेला तोही याच दांड्यापायी. खुल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाला किनाऱ्यापासून दूर राहायला सांगणे हे त्याचे अर्धे काम होते. राजधानीच्या नदीत शिरणाऱ्या तांडेलाला दार कुठे आहे हे दाखवणे, हे उरलेले अर्धे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे, काम होते.

‘राजधानीची नदी’ हे शब्दही मी जाणूनबुजून वापरले आहेत. 1843 मध्ये पोर्तुगीजांनी राजधानी जुन्या गोव्याहून अधिकृतपणे पणजीला हलवली, आणि त्यानंतर 21 वर्षांनी हा मनोरा उभा राहिला. किल्ला त्याच्या अडीचशे वर्षे आधीचा आहे. व्हाइसरॉय रुय लोरेंसु द ताव्होरा याच्या कारकिर्दीत, 1612 मध्ये, तो पूर्ण झाला. नावातच पाणी आहे, पोर्तुगीज भाषेत ‘आग्वा’ म्हणजे पाणी. इथल्या झऱ्याचे गोडे पाणी लांबच्या सफरीवर निघालेली जहाजे भरून घेत आणि वरच्या कोटातल्या प्रचंड टाक्याची क्षमता 23 लाख 76 हजार गॅलन सांगितली जाते. पाणी भरणाऱ्या जहाजांची जागा, नदीच्या मुखावर नजर ठेवणारी तोफांची जागा आणि नंतर दिव्याची जागा, हे सारे एकाच टेकडीवर एकामागून एक आले, आणि प्रत्येक वेळी कारण समोरची मांडवीच होती. दिव्याला किल्ल्यापासून तोडून पाहता येत नाही आणि किल्ल्याला नदीपासून तोडून पाहता येत नाही.

आता इतिहासाविषयी. या मनोऱ्याबद्दल जी माहिती प्रवासी पुस्तिकांतून, संकेतस्थळांवरून आणि वाटाड्यांच्या तोंडून फिरते, तिच्यातील तीन विधाने मी आपल्यापुढे ठेवतो, कारण जतनाची सुरुवात चुन्यापासून नव्हे तर खऱ्या माहितीपासून व्हावी असे मला वाटते.

पहिले विधान असे की, आग्वादचा किल्ला डच आणि मराठे यांच्यापासून संरक्षणासाठी बांधला. डचांचे बरोबर आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी त्यांची जहाजे मांडवीच्या मुखाशी येऊन गोव्याची कोंडी करत होती. परंतु किल्ला पूर्ण झाला 1612 मध्ये आणि शिवाजी महाराजांचा जन्म 1630 चा, तेव्हा ज्या सत्तेचा उदय व्हायचा होता तिच्या भीतीने हा किल्ला बांधला गेला, असे मराठी माणसाला कितीही सुखावणारे असले तरी मानता येत नाही. मराठ्यांचा खरा संबंध पुढचा आहे. 1739 मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी बार्देश व्यापला तेव्हा तिथले बाकीचे कोट पडले. आग्वाद आणि रेइश मागुश हे दोन मात्र पोर्तुगीजांच्या हातून गेले नाहीत. नदीचे मुख हातात ठेवले की मागचा मुलूख परत मिळवता येतो, हे पुढच्या दोन वर्षांत दिसून आले. चुकीच्या वाक्याऐवजी ही खरी हकीकत सांगितली, तर किल्ल्याचे आणि दिव्याचे स्थानमाहात्म्य आपोआप कळेल.

दुसरे विधान, हा ‘आशियातील सर्वांत जुना दीपस्तंभ’ आहे. कधी त्याला ‘या प्रकारचा’ अशी पुस्ती जोडतात, पण प्रकार कोणता ते कोणी सांगत नाही. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात 1796 मध्येच दिवा लागला होता आणि तिथला 1844 चा दगडी स्तंभ आजही उच्च न्यायालयाच्या आवारात उभा आहे. सिंगापूरजवळचा हॉर्सबर्ग दीपस्तंभ 1851 चा आहे. आग्वादच्या मनोऱ्याचे मोल ठरवण्यासाठी त्याला या शर्यतीत उतरवण्याची गरज नाही. तुलना करायचीच तर मकावच्या गिया दीपस्तंभाशी करावी. तोही पोर्तुगीजांनी, तोही टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात, आणि आग्वादनंतर अवघ्या एका वर्षाने, 1865 मध्ये उजळला. एकाच साम्राज्याने दोन नदीमुखांच्या बंदरांसाठी लागोपाठच्या वर्षांत दिवे लावले, ही जोडी अभ्यासण्यासारखी आहे.

तिसरे विधान सर्वांत विचित्र आहे आणि ते सर्वांत जास्त ऐकू येते. हा दिवा पूर्वी दर 7 मिनिटांनी एकदा चमकत असे आणि पुढे तो दर 30 सेकंदांनी चमकू लागला. हा बदल कधी झाला? काही ठिकाणी 1906 छापलेले आहे, तर काही ठिकाणी चक्क 1834, म्हणजे मनोरा बांधण्याच्या 30 वर्षे आधी. एकाच परिच्छेदात बांधकामाचे वर्ष 1864 आणि सुधारणेचे वर्ष 1834 अशी वाक्ये शेजारीशेजारी नांदतात आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, यावरून हा मनोरा किती गंभीरपणे वाचला जातो याची कल्पना यावी.

या 7 मिनिटांवर मी जरा रेंगाळतो, कारण दिव्याचे सारे शास्त्र तिथे दडलेले आहे. काळोख्या रात्री किनाऱ्यावर उजेड दिसला म्हणजे तो दीपस्तंभच असे तांडेल धरून चालत नाही. तो मच्छीमाराचा कंदील असू शकतो, घरातला दिवा असू शकतो, टेकडीवर कोणी पेटवलेला वणवा असू शकतो. म्हणून प्रत्येक दीपस्तंभाला स्वतःची ओळख असते. किती वेळाने तो चमकतो, किती वेळ काळोख राहतो, यावरून हा अमुक ठिकाणचा दिवा असे खलाशी ताडतो आणि नकाशावर आपली जागा ठरवतो. दिवा चमकता ठेवण्यासाठी त्या काळी भिंगांचा सांगाडा घड्याळासारख्या यंत्राने फिरवला जाई. यंत्राला लोंबते वजन असे आणि दिव्याच्या राखणदाराला ते ठरावीक वेळाने वर ओढून चावी द्यावी लागे. आता ताशी 8 सागरी मैल वेगाने येणारी आगबोट घ्या. 7 मिनिटांत ती सुमारे पावणेदोन किलोमीटर पुढे जाते, आणि ओळख पटवण्यासाठी निदान दोन चमका मोजायच्या म्हटले तर तेवढे अंतर ती आंधळेपणाने तोडणार. समोर वाळूचा दांडा असताना हे परवडणारे नाही. 30 सेकंदांत तीच आगबोट सव्वाशे मीटरही पुढे जात नाही. म्हणजे 7 मिनिटांवरून 30 सेकंदांवर येणे हा किरकोळ फेरफार नव्हता, नदीत शिरण्याची रीतच त्याने बदलली असणार. असा बदल कोणी केला, कोणत्या वर्षी केला आणि त्यासाठी कोणते यंत्र आणले, हे कागदपत्रांतून काढता येण्यासारखे आहे. गोव्याच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज काळातले विपुल दप्तर आहे, आणि खलाशांना दिव्यातील बदल कळवण्याची सूचना काढणे ही एकोणिसाव्या शतकातही नौकानयनाची नित्याची पद्धत होती. आपल्या दोन कार्यालयांनी मिळून एखाद्या पोर्तुगीज जाणणाऱ्या संशोधकाला हे काम सोपवावे, ही माझी पहिली विनंती.

त्या संशोधकाला एका घंटेचाही माग काढावा लागेल. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनचा मठ धार्मिक संघांवरील बंदीनंतर ओस पडला आणि त्याची प्रचंड घंटा 1841 मध्ये आग्वादला आणली गेली. 1871 मध्ये ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये गेली, आणि चर्चसमोरच्या नागमोडी पायऱ्यांवर उभे राहिले की आजही ती वर दिसते. ज्या घंटेखाली रोज शेकडो पर्यटक छायाचित्रे काढतात, तिने 30 वर्षे मांडवीच्या मुखावर काढली आहेत. धुक्यात किंवा पावसाच्या अंधारात उजेड दिसेनासा झाला की घंटेचा आवाज कामी येतो, म्हणून दिव्याच्या जागी घंटा असणे स्वाभाविकच होते. पण वर्षे नीट पाहा. घंटा आली 1841 मध्ये आणि मनोरा उभा राहिला 1864 मध्ये. त्याआधी 23 वर्षे ही घंटा टेकडीवर कोणत्या वास्तूत टांगलेली होती? आजच्या मनोऱ्याच्या आधी इथे दिव्याची आणखी काही व्यवस्था होती का, आणि 1834 हे घोटाळ्यात टाकणारे वर्ष त्या व्यवस्थेचे तर नव्हे? मी हा निष्कर्ष म्हणून मांडत नाही. परंतु अशी शक्यता समोर असताना मनोऱ्याभोवतीची जमीन फरशा घालण्यासाठी किंवा तारा पुरण्यासाठी खणण्याआधी तिचे पुरातत्त्वीय परीक्षण व्हावे, एवढे मात्र आग्रहाने म्हणतो.

आता वास्तूविषयी. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा पडतो. उरलेले आठ महिने खारा वारा आणि ऊन. इथला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि पुढे सोडतो. जुन्या बांधणाऱ्यांनी त्याच्यावर चुन्याचा गिलावा दिला, कारण चुनाही तसाच श्वास घेतो. अशा भिंतीला सिमेंटचे अस्तर दिले की आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही, त्यातले मीठ आतल्या आत साकळते, भिंतीला लोणा लागतो आणि काही वर्षांत चकाकणाऱ्या गिलाव्याच्या मागे दगडाचे पीठ झालेले असते. पुरातत्त्व सर्वेक्षणाला हे मी शिकवावे असा प्रकार नाही. मुरवलेला चुना, गूळ आणि हिरड्याचे पाणी यांचा वापर आपले कारागीर अनेक स्मारकांवर करत आले आहेत. माझे सांगणे रंगाबद्दल आहे. दीपस्तंभ दिवसाही खूण म्हणून वापरला जातो, म्हणून त्याचा पांढरेपणा ही शोभा नसून त्याच्या कामाचा भाग आहे. परंतु तो पांढरेपणा दर उत्सवाआधी मारलेल्या बाजारी रंगाचा नसावा, चुन्याच्या निवळीचा असावा. सर्वेक्षणाच्या चुन्याच्या कामाचे आणि महासंचालनालयाच्या दिवसखुणेच्या ज्ञानाचे इथे एकत्र येणे आवश्यक आहे.

जुना मनोरा सर्वांसाठी खुला करावा, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि हे वाचून काही जण नाराज होतील याची मला जाणीव आहे. पाहुण्यांच्या रोजच्या वर्दळीसाठी हा मनोरा बांधलेला नव्हता. राखणदार आणि त्याचा मदतनीस यांची रोजची ये-जा, एवढाच भार त्याच्या जिन्याने झेललेला आहे. उंचावरून नदीमुख दाखवायचे असेल तर त्यासाठी शेजारचा नवा दीपस्तंभ आहे. जुन्याचे आतून-बाहेरून मोजमाप घेऊन रेखाटने करावीत, दिवा कुठे होता, वजन कुठून लोंबत असावे, तेल कुठे साठवले जाई, हे त्या रेखाटनांवर दाखवावे आणि ती खाली, कोटाच्या आत, मराठी, कोंकणी, इंग्रजी आणि पोर्तुगीज या चारही भाषांतून मांडावीत. टेकडीच्या पायथ्याच्या आग्वाद तुरुंगाचे स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मृतिस्थळात रूपांतर होऊन 19 डिसेंबर 2021 रोजी त्याचे उद्घाटन झाले. तिथे कोठड्यांमधून इतिहास सांगितला जातो. वरच्या मनोऱ्याला तेवढीही जागा लागणार नाही, एक भिंत पुरेल.

याच भिंतीवर मुंबई-पणजी आगबोटीला स्थान मिळावे, ही मराठी वाचक म्हणून माझी खास इच्छा आहे. भाऊच्या धक्क्यावरून निघून कोकणातली बंदरे घेत रात्रभराच्या प्रवासानंतर पणजीला पोहोचणाऱ्या या बोटीने कोकण आणि गोव्याच्या कित्येक पिढ्या मुंबईला नेल्या आणि गणपती-शिमग्याच्या ओढीने मनातल्या मनात परत आणल्या. मनातल्या मनात अशासाठी की पावसाळ्यात बोटच बंद असे आणि भाद्रपदातला गणपती बहुधा बोटीविनाच जाई. त्या प्रवाशांना आग्वाद दिसले म्हणजे आता बोट नदीत शिरणार, लाटांचे हेलकावे थांबणार आणि डोके धरून बसलेली माणसे उठून ट्रंका आवरू लागणार, असा अर्थ होता. अशा आठवणी सांगणारी माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायला फार खर्च येणार नाही, उशीर मात्र परवडणार नाही.

कायद्याच्या बाजूने काही अडचण असेल असे मला वाटत नाही. 1927 च्या जुन्या दीपस्तंभ कायद्याच्या जागी आलेल्या 2021 च्या ‘मरीन एड्स टू नेव्हिगेशन’ कायद्यात केंद्र सरकारला आपल्या ताब्यातील दीपस्तंभ वारसा म्हणून घोषित करता येतो आणि त्याचा उपयोग शिक्षण, संस्कृती व पर्यटन यांसाठी विकसित करता येतो. दुसरीकडे 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याने, 2010 च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारकाभोवतीचे 100 मीटर बांधकामासाठी निषिद्ध आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित केलेले आहेत. पहिला कायदा चालू दिव्याकडे पाहतो आणि दुसरा जुन्या भिंतींकडे. बंद पडलेला दिवा दोहोंच्या मधल्या फटीत राहू नये, म्हणून आपण दोघांनी एक लेखी सामंजस्य करार करावा आणि जुना व नवा हे दोन्ही दीपस्तंभ एकच वारसास्थळ मानून त्यांचा एकच आराखडा तयार करावा. 23 सप्टेंबर 2023 रोजी देशातला पहिला दीपस्तंभ उत्सव याच किल्ल्यावर झाला. जिथे उत्सवाचा आरंभ होऊ शकला, तिथे कराराचाही आरंभ होण्यास हरकत नसावी. आणि किल्ला व चालता दीपस्तंभ एकत्र नांदतात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागणार नाही. थळच्या समुद्रातील खांदेरीवर 1867 चा दीपस्तंभ आहे, आणि तोच किल्ला 2025 मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला.

या आराखड्यात दृष्टिरेषेचा विचार अवश्य व्हावा. मकावमध्ये गिया दीपस्तंभासमोर उंच इमारती उठू लागल्या तेव्हा लोकांनी ओरड केली आणि 2008 मध्ये सरकारने आसपासच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा घातली. आग्वादच्या टेकडीची गोष्ट वेगळी आहे, पण मिरामारच्या वाळूवरून, रेइश मागुशच्या बुरुजावरून आणि मांडवीतल्या होडीतून हा मनोरा दिसत राहावा, अशी नोंद आताच करून ठेवलेली बरी. स्मारकापासून मोजलेल्या मीटरांत नदीवरून दिसणारे दृश्य मावत नाही.

राहता राहिला दिवा पुन्हा लावण्याचा मोह. उत्सवात मनोऱ्यावर रंगीत झोत सोडण्याची कल्पना कोणाला तरी सुचेलच. चालू दीपस्तंभाच्या इतक्या जवळ समुद्राच्या बाजूने दिसणारा दुसरा उजेड खलाशाला फसवू शकतो, आणि या किनाऱ्यावर भरकटलेले जहाज काय करते ते जून 2000 मध्ये कांदोळीसमोर रुतलेल्या ‘रिव्हर प्रिन्सेस’ने दहा वर्षांहून अधिक काळ दाखवून दिले आहे. ते जहाज दिव्यामुळे रुतले नव्हते हे मान्य, तरीही सावधगिरीला तेवढे स्मरण पुरे. प्रकाशयोजना करायचीच असेल तर ती कोटाच्या आतल्या बाजूने, खालून, मंद आणि न लुकलुकणारी असावी, आणि तिची परवानगी महासंचालनालयाच्या नौकानयन तज्ज्ञांनी द्यावी, कार्यक्रमाच्या ठेकेदाराने नव्हे.

पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी निदान मनोऱ्याची मोजमापे, आताच्या भेगांची छायाचित्रे आणि गिलाव्याचे नमुने घेऊन ठेवावेत, म्हणजे पाऊस संपल्यावर काय बदलले ते ताडून पाहता येईल. संशोधनाचे काम सावकाश चालले तरी चालेल. त्याचे निष्कर्ष हाती येईपर्यंत ‘आशियातील सर्वांत जुना’ हे शब्द आणि 1834 हे वर्ष आपापल्या पत्रकांत, फलकांवर किंवा संकेतस्थळांवर कुठे असतील तर तेवढे काढून टाकावेत, ही विनंती.

आपला,
मांडवीच्या काठी वारंवार येणारा एक मराठी वाचक